सहा वर्षांपूर्वी ठरलेली मुलांची पोटगी: वाढ कशी मागायची, थकबाकी कशी वसूल करायची

वाचक भगिनीचं पत्र

२०१९ मध्ये पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, मुलगा दोन वर्षांचा. दोघांसाठी मिळून महिना ६,००० रुपये ठरले. वाढीचं काहीच लिहिलं नाही. उलट 'यापुढे कोणतीही आर्थिक मागणी करणार नाही' असं वाक्य आहे आणि त्याखाली माझी सही आहे. आता मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. मी साताऱ्यात भाड्याच्या घरात राहते, एका खासगी रुग्णालयाच्या बिलिंगमध्ये काम करते, हातात २४,००० येतात. त्यांचा पगार तेव्हा ३८,००० होता, आता हातात ७२,००० येतात असं कळतं. त्यांनी दुसरं लग्न केलं, त्यांना एक मुलगी आहे, फ्लॅटचं कर्जही आहे. पाच महिन्यांपासून पैसे बंद आहेत. विचारलं तर म्हणतात, 'सही केली आहेस, आता कुठेही गेलीस तरी काही मिळणार नाही.' हे खरं आहे का? पगाराच्या किती टक्के मिळतात? २०१९ पासूनचा फरक मागता येईल का? आणि पैसे येत नाहीत तोवर मुलांना भेटू दिलं नाही तर चालेल का?

उत्तर

ताई, सही तुमची आहे, पण पोटगी मुलांची आहे. तुम्ही स्वतःच्या पोटगीवर पाणी सोडू शकता, मुलांच्या हक्कावर नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार आई आणि वडील दोघांवरही मुलांना सांभाळण्याची जबाबदारी आहे. त्याच कायद्याचं कलम २५ सांगतं की परिस्थिती बदलली तर पोटगीची रक्कम बदलता येते, मग ती न्यायालयाने ठरवलेली असो वा आपसांतल्या कराराने. तेव्हा 'कोणतीही मागणी करणार नाही' या वाक्याने तुमची वाट अडत नाही. फक्त एक पथ्य पाळा: नव्या अर्जात स्वतःसाठी एक रुपयाही मागू नका. त्या वाक्याचा जोर तिथे लागतो, आणि एकदा तो वाद सुरू झाला की मुलांचा सरळ विषय वर्षभर त्यातच अडकतो.

आता तुमच्या प्रश्नांपैकी सगळ्यात निकडीचा घेऊ, कारण त्यात रोज नुकसान होतं आहे. २०१९ पासूनचा फरक मिळणार नाही. जुना आदेश बदलून मिळेपर्यंत तोच लागू असतो. वाढ साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मिळते, काही वेळा आदेशाच्या तारखेपासून. अर्जाच्या आधीच्या महिन्यांची मात्र मिळत नाही. म्हणजे 'दिवाळीनंतर बघू', 'एकदा भावाला बोलायला सांगते' असं म्हणत गेलेला प्रत्येक महिना जुन्याच सहा हजारांच्या हिशेबात बसतो. बोलणी जरूर करा, पण अर्ज दाखल करून बोला. अर्ज मागे घेता येतो, गेलेले महिने परत आणता येत नाहीत.

अर्ज कुठे करायचा याबद्दल लोकांचा फार गोंधळ होतो. तुमचा हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा न्यायालयाचा अंतिम आदेश, हिंदू विवाह कायद्याखालचा आहे. त्या कायद्याच्या कलम २६ नुसार घटस्फोटानंतरही मुलांच्या ताब्याबद्दल, निर्वाहाबद्दल आणि शिक्षणाबद्दल वेळोवेळी नवे आदेश मागता येतात, जुने बदलून घेता येतात. त्यामुळे तुमच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे पुण्याच्या त्याच न्यायालयात, जुन्या याचिकेचा क्रमांक देऊन कलम २६ खाली अर्ज. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांसाठी अशीच तरतूद त्या कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे.

दुसरा रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ चा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ म्हणजेच १ जुलै २०२४ पासून हे कलम. ते सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे, आणि तिथे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो. त्या कलमाखाली आधीच आदेश झालेला असेल तर बदलासाठी कलम १४६ आणि वसुलीसाठी कलम १४७ वापरतात. 'फौजदारी' हा शब्द ऐकून अनेक जणी घाबरतात, पण या अर्जाने कुणावर गुन्हा नोंदवला जात नाही. तरीही तुमच्या बाबतीत दोन ठिकाणी दोन अर्ज चालवण्यात अर्थ नाही. एका आदेशाची रक्कम दुसऱ्यातून वजा होते, दोन्हीकडच्या तारखा तुम्हालाच सांभाळाव्या लागतात, आणि आधीचा आदेश लपवला असं दिसलं तर तुमच्या शब्दावरचा विश्वास उडतो. साताऱ्याहून पुण्याला येणं नोकरीमुळे जड जात असेल तर काही तारखांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याची परवानगी मागता येते.

टक्क्यांचं काय? मुलांच्या पोटगीसाठी भारतात कायद्याने ठरवलेली कोणतीही टक्केवारी नाही, तक्ता नाही. 'पगाराच्या पंचवीस टक्के' हे जे सर्रास ऐकू येतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालातून आलं आहे. तो पत्नीच्या पोटगीबद्दल होता. मुलांच्या बाबतीत न्यायालय दोन गोष्टी पाहतं: मुलांना खरोखर किती लागतं आणि कोणाची ऐपत किती. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात पोटगीचे निकष एकत्र मांडले. मुलांच्या खर्चात अन्न, कपडे, घर, औषधपाणी, शिक्षण यांच्याबरोबर शिकवणी आणि पूरक प्रशिक्षणही धरायचं, पण ते वाजवी असावं, उधळपट्टीचं नसावं. शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करायचा; आई पुरेसं कमावत असेल तर दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटून घेता येतो. तुमचा अर्ज याच सांगाड्यावर उभा करा.

म्हणजे आधी मुलांच्या खर्चाचा महिन्याचा आकडा काढायचा. वर्षातून एकदा येणारा खर्च बारांनी भागायचा, घरभाड्यासारख्या सामाईक खर्चातून मुलांचा वाटा वेगळा करायचा. एक नमुना देतो. आकडे तुम्ही तुमचे घाला. दोघांची शाळेची फी वर्षाला ४८,००० असेल तर महिन्याला ४,०००. शाळेची गाडी १,५००. मुलीची शिकवणी २,०००. वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तर, बूट मिळून वर्षाला ९,०००, म्हणजे महिन्याला ७५०. किराणा, दूध, भाजी, डबा यांतला दोघांचा वाटा ७,०००. औषधं, डॉक्टर, दात ८००. घरभाडं १०,५०० आणि घरात तुम्ही तिघं, तर मुलांचा दोन तृतीयांश वाटा ७,०००. वीज, गॅस, इंटरनेटमधला वाटा १,०००. कपडे आणि किरकोळ ९५०. बेरीज २५,०००.

मग ऐपत. तुमचे २४,०००, त्यांचे ७२,०००, एकूण ९६,०००. त्यांचा वाटा तीन चतुर्थांश, म्हणून २५,००० पैकी १८,७५० त्यांनी द्यायचे आणि ६,२५० तुम्ही. तुम्ही न्यायालयात मागायचा आकडा असा निघाला पाहिजे. न्यायाधीशांना पन्नास हजारांची ठोकळ मागणी दिसली की ती कुठून तरी कापावीच लागते, आणि कुठून कापायची ते मग त्यांच्या अंदाजावर राहतं. ओळीओळीने मांडलेला हिशेब असेल तर समोरच्याला प्रत्येक ओळ वेगळी खोडावी लागते. शाळेची पावती खोडता येत नाही.

नव्या संसाराचं कारण ते नक्की पुढे करतील, म्हणून ताळा करून ठेवा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये एक पद्धत सांगितली होती: कमावणाऱ्याला दोन हिस्से, बाकी प्रत्येक अवलंबिताला एक. महाराष्ट्रात ती बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला उपयोगी पडते. फक्त त्यांचाच पगार धरला आणि त्यांचे दोन, दुसऱ्या पत्नीचा एक, छोट्या मुलीचा एक, तुमच्या मुलांचे दोन असे सहा हिस्से केले तर एक हिस्सा १२,००० चा होतो आणि तुमच्या दोन मुलांचे २४,०००. तुम्ही मागता ते १८,७५०. म्हणजे नवं कुटुंब पूर्ण धरूनही मागणी अवाजवी ठरत नाही. दुसरं लग्न आणि त्यातलं मूल हा विचारात घेण्याचा मुद्दा आहेच, त्या बाळाचाही हक्क आहे. पण त्यामुळे पहिल्या मुलांचा हक्क संपत नाही.

फ्लॅटच्या कर्जाचंही तसंच. पगारातून सक्तीने कापलं जातं ते न्यायालय वजा धरतं: आयकर, बंधनकारक भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, जो महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त २,५०० आहे. स्वतःच्या मर्जीने घेतलेल्या कर्जाचे हप्ते, जादा गुंतवणूक, सोसायटीतली ठेव या कारणाने 'हातात काही उरत नाही' असं म्हणता येत नाही. त्यांची पगाराची पावती समोर आली की तळाचा आकडा पाहून थांबू नका. वरची मिळकत पाहा, कपातींची प्रत्येक ओळ वाचा. पोटगीचा अर्ज आल्यावर अचानक वाढवलेला ऐच्छिक निर्वाह निधी तिथेच सापडतो.

त्यांचा पगार तुम्हाला 'कळतो', पण सिद्ध कसा करायचा? याचं ओझं वाटतं तेवढं तुमच्यावर नाही. रजनेश निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं: पगार, इतर उत्पन्न, बँक खाती, ठेवी, वाहनं, घरं, कर्जं, अवलंबित व्यक्ती, महिन्याचा खर्च. अर्जदाराने ते अर्जासोबतच जोडायचं, समोरच्याने जास्तीत जास्त चार आठवड्यांत. त्यांनी दिलं नाही, तारखांवर तारखा मागितल्या, तर त्यांचा बचाव खोडून काढण्यापर्यंत न्यायालय जाऊ शकतं. दिलं पण अपुरं दिलं, तर कंपनीकडून पगाराचे तपशील आणि फॉर्म १६ मागवण्यासाठी, बँकेकडून खातेउतारे मागवण्यासाठी अर्ज करा. शपथपत्र मुद्दाम खोटं निघालं तर खोट्या पुराव्याबद्दल कारवाईची वाट खुली असते. तुमच्या बाजूने कंपनीचं नाव, त्यांचं पद, लिंक्डइनवर त्यांनी स्वतः जाहीर केलेली बढती, गाडीचा क्रमांक, फ्लॅटच्या नोंदणीची माहिती एवढं जमवलंत तरी पुरे. त्यांच्या ईमेलमध्ये किंवा आयकराच्या खात्यात जुना पासवर्ड वापरून शिरू नका. तो स्वतंत्र गुन्हा होतो आणि त्या दिवसापासून बचाव तुम्हाला करावा लागतो.

तुमच्या स्वतःच्या शपथपत्राबद्दल मात्र फार काळजी घ्या. चांगली प्रकरणं सगळ्यात जास्त इथेच बिघडतात. चोवीस हजारांची नोकरी 'तात्पुरती' किंवा 'नाही' असं लिहायचा सल्ला कुणीतरी देईल. लिहू नका. समोरचे वकील तुमच्या रुग्णालयाकडून पगारपत्रक मागवतात, आणि मग मुलांच्या खर्चाच्या खऱ्या पावत्याही संशयाने पाहिल्या जातात. माहेरून अधूनमधून मदत येत असेल तर तीही लिहा. मदत ही मदत आहे, उत्पन्न नाही, हे वकील मांडू शकतात. तुमची कमाई आहे म्हणून मुलांच्या वडिलांची जबाबदारी संपत नाही, फक्त वाटणीचं प्रमाण बदलतं. आणि तुम्ही कामावर असताना मुलांना सांभाळायला कुणाला पैसे देत असाल तर तो खर्च वेगळी ओळ म्हणून दाखवा. बायका हा खर्च नेमका विसरतात.

बदलाच्या अर्जाचा गाभा म्हणजे 'तेव्हा' आणि 'आता'. २०१९ ची रक्कम कमी होती हे सिद्ध करून उपयोग नाही. ती तुम्ही मान्य केली होती. सिद्ध करायचं ते हे की त्यानंतर परिस्थिती बदलली. म्हणून एका पानावर दोन रकाने करा. मुलगी सहा वर्षांची होती, आता बारा. मुलगा तेव्हा शाळेतच नव्हता, आता तिसरीत. फी, भाडं, किराणा तेव्हा किती, आता किती. त्यांचा पगार ३८,००० वरून ७२,०००. तेव्हाच्या पगारात सहा हजार म्हणजे जवळजवळ सोळा टक्के होते, आता आठ टक्क्यांच्या थोडे वर. टक्केवारी हा कायदेशीर निकष नाही हे खरं, पण आदेश किती मागे पडला आहे ते या एका ओळीत दिसतं. नुसतं 'महागाई वाढली' असं लिहिलेले अर्ज हलके पडतात.

अर्ज करताना अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, वाढीचा अर्जही त्याच दिवशी द्या. कलम २६ मध्ये म्हटलं आहे की प्रकरण चालू असताना मुलांच्या निर्वाहासाठी आणि शिक्षणासाठी केलेला अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. यात 'शक्यतो' हा शब्द आहे आणि 'नोटीस बजावल्यापासून' हेही आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो, आणि पहिले काही महिने बहुधा बजावणीतच जातात. घरी कुलूप, पत्ता सोडून गेले, अशा शेऱ्यांसह समन्स परत येतं. म्हणून घराबरोबर कार्यालयाचा पत्ता, मोबाइल क्रमांक, ईमेल असं सगळं अर्जात घाला. बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी, जाणार असेल तर तो कधी जाणार ते कार्यालयात विचारून ठेवा. रजनेश निकालात दोन्ही शपथपत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं सांगितलं आहे. त्याचा उल्लेख प्रत्येक तारखेला वकिलांना करता येतो.

आता थकलेले पाच महिने, म्हणजे ३०,०००. हा वाढीपेक्षा पूर्ण वेगळा विषय आहे, आणि त्यासाठी वेगळी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लागते. आधी २०१९ च्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि त्यात एक वाक्य शोधा: संमतीच्या अटी हुकूमनाम्याचा भाग आहेत असं लिहिलं आहे का. असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८अ खाली तो दिवाणी हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो. अटी फक्त याचिकेत राहिल्या आणि हुकूमनाम्यात आल्या नाहीत, तर वसुलीला अडचण येते; तसं असेल तर नव्या अर्जात सगळी रक्कम नव्याने आदेशात आणून घ्या.

दिवाणी दरखास्तीला प्रत्येक हप्ता चुकल्यापासून बारा वर्षांची मुदत आहे. कलम १४४ च्या आदेशाचं मात्र तसं नाही. तिथे वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्या कलमाखाली आदेश मिळालेल्या कितीतरी जणी 'देतील कधीतरी' म्हणत दोन-दोन वर्षं थांबतात आणि जुनी थकबाकी त्या वाटेने हातातून जाते. तुमची मैत्रीण, बहीण तिथे असेल तर तिला हे आजच सांगा. न भरणाऱ्याला त्या कलमाखाली एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगून देणं फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.

नोकरदार माणसाकडून वसुलीचा सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे पगाराची जप्ती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये इतर कर्जांच्या वसुलीपेक्षा पोटगीसाठी वेगळा नियम आहे: पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. आदेश कंपनीकडे जातो, कंपनी पगारातून कापून न्यायालयात भरते, आणि आदेश मिळूनही कापलं नाही तर ती रक्कम कंपनीच्या अंगावर येते. दरखास्तीत कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता आणि पगार काढणाऱ्या विभागाचा पत्ता द्या. नुसतं 'पुण्यातली कंपनी' असं लिहिलं तर आदेश होऊनही पोहोचत नाही. सोबत महिन्यावार तक्ता जोडा: महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी. त्याला तुमच्या बँकेच्या उताऱ्याचा आधार द्या.

मुलांना भेटू न देण्याबद्दल: नाही, असं करू नका. भेट आणि पोटगी हे दोन वेगळे आदेश आहेत, एक मोडला म्हणून दुसरा मोडता येत नाही. ते पैसे देत नाहीत म्हणून आज ते चुकीचे आहेत. तुम्ही भेट थांबवलीत तर पुढच्या तारखेला चर्चा थकबाकीची होणार नाही, तुमच्या वागण्याची होईल. वडिलांना भेटणं हा मुलांचा हक्क आहे, तुमच्या हातातलं हत्यार नाही. उलट प्रत्येक भेट ठरल्याप्रमाणे झाल्याची नोंद ठेवा. 'मग मुलं माझ्याकडे दे' असंही ते म्हणतील. ताब्याचा निर्णय मुलांच्या हितावर होतो, पोटगी टाळण्याची युक्ती म्हणून नाही, आणि सहा वर्षं एका घरात रुजलेली मुलं केवळ पगार जास्त म्हणून हलवली जात नाहीत.

पहिल्या एक-दोन तारखांनंतर तुम्हाला विवाह समुपदेशकाकडे किंवा मध्यस्थीला पाठवतील. ही संधी आहे, पण २०१९ ची चूक तिथे पुन्हा करू नका. तडजोडीच्या कागदावर काय काय यायला हवं ते घरून लिहून न्या: प्रत्येक मुलाची रक्कम वेगळी, दर महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात, दर वर्षी किती टक्के वाढ आणि कोणत्या महिन्यापासून, शाळेची फी या रकमेत धरली आहे की वेगळी, मुलांचा आरोग्यविमा कोण भरणार, विम्याबाहेरचा दवाखान्याचा खर्च कसा वाटायचा. रक्कम वेगवेगळी लिहायचं कारण म्हणजे मुलगी अठराची होईल तेव्हा एकत्र रकमेतून नेमके किती कमी करायचे यावर वाद होतो. फी परस्पर शाळेत भरू असं ते म्हणाले तर हरकत नाही, पण ती मासिक रकमेतून वजा होणार नाही हे लिहून घ्या. 'एकरकमी घे आणि विषय मिटव' याला मुलांच्या बाबतीत होकार देऊ नका; बारा आणि आठ वर्षांच्या मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा अंदाज आज कुणालाच करता येत नाही. तडजोड झाली की तिच्यावर न्यायालयाचा आदेश झाला का ते पाहा. आदेशाविना राहिलेल्या समजुतीवर दरखास्त चालत नाही.

वयाची मर्यादाही आत्ताच लक्षात घ्या. कलम २६ अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांसाठी आहे. कलम १४४ खालीही, अपंगत्वामुळे स्वतःला सांभाळू न शकणारं अपत्य सोडलं, तर अठराला हक्क थांबतो. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर राहू शकत नसेल तर तिला १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली अठरानंतरही मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. मुलासाठी अशी तरतूद नाही. म्हणून तडजोड होत असेल तर दोघांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च संमतीने लिहून घ्या. संमतीने दिलेलं कायद्याच्या किमान मर्यादेपेक्षा जास्त असू शकतं.

हे सदर वाचणाऱ्या वडिलांसाठीही एक गोष्ट. नोकरी गेली, पगार कापला गेला, मोठं आजारपण आलं, तर पोटगी कमी करण्याचा अर्ज करण्याचा तुम्हालाही तेवढाच हक्क आहे. पण तो अर्ज करा. पैसे आपले आपण थांबवू नका. अर्ज नसताना प्रत्येक महिन्याची पूर्ण रक्कम थकबाकीत जमा होत राहते आणि नंतर मिळालेली कपात मागे जाऊन ती पुसत नाही. काम करण्यासारखी तब्येत असताना 'बेकार आहे' हे उत्तर न्यायालयं मान्य करत नाहीत. माणूस किती कमावू शकतो, हेही पाहिलं जातं.

ताई, खर्चाची चिंता करून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा. दूरध्वनी १५१०० आहे. पोटगीच्या प्रकरणात महाराष्ट्रात स्त्रियांना न्यायालयीन शुल्कही माफ आहे. पहिल्या भेटीला जाताना हुकूमनाम्याची आणि संमतीच्या अटींची नक्कल, मुलांचे जन्मदाखले, शाळा आणि शिकवणीच्या पावत्या, भाडेकरार, तुमची पगारपत्रकं आणि आयकर विवरणपत्रं, बँकेचा तीन वर्षांचा उतारा, आणि त्यांचे मेसेज घेऊन जा. 'काही मिळणार नाही' असा लेखी मेसेज असेल तर तो पुसू नका. त्यांना आदेश माहीत होता आणि तरी पैसे थांबवले, हे त्यातून दिसतं.

नोटीस मिळाल्यावर ते घाईने दोन-तीन महिन्यांचे पैसे पाठवतील अशी बरीच शक्यता आहे. पैसे घ्या, परत करू नका. रोख मात्र घेऊ नका, खात्यावरच मागा. त्याच दिवशी त्यांना लिहून कळवा की ही रक्कम अमुक महिन्यांच्या थकबाकीपोटी मिळाली, उरलेली बाकी इतकी आहे आणि वाढीच्या अर्जावरचा हक्क कायम आहे. त्या मेसेजची प्रत वकिलांकडे द्या, म्हणजे पुढच्या तारखेला थकबाकीचा तक्ता तेवढाच दुरुस्त होईल आणि दरखास्त उरलेल्या रकमेसाठी चालू राहील.